पोटातला जंतू आणि रक्तातली साखर



कळंबोलीचे नाव आपल्याला नवे नाही. साखरेच्या ट्रका वाशीच्या बाजाराला किंवा न्हावाशेव्याच्या बंदराला जातात त्या कळंबोलीवरून. पुण्याकडून येणारा द्रुतगती मार्ग तिथेच संपतो, लोखंड-पोलादाचा मोठा बाजार तिथे आहे, आणि आपल्या घाटावरची कितीतरी मुले नोकरीधंद्याच्या निमित्ताने तिथे व शेजारच्या कामोठ्यात बिऱ्हाड करून आहेत. महात्मा गांधी मिशनचे रुग्णालय कळंबोलीत आहे, त्यांचे वैद्यकीय महाविद्यालय कामोठ्यात. त्यामुळे गावाकडे एखादे दुखणे रेंगाळले की "चला, पोराकडे कळंबोलीला जाऊन दाखवून येऊ," असे हल्ली सर्रास ऐकू येते.

शहरात असे दाखवून आलेले सभासद गट कार्यालयात किंवा वजनकाट्यावर भेटले की एक प्रश्न आम्हाला विचारू लागले आहेत. "शुगर तपासायला गेलो, जाता जाता पोटातल्या जळजळीचे सांगितले, तर डॉक्टर म्हणाले पोटात जंतू आहे, त्याचाही कोर्स करा. मग ही शुगर त्या जंतूमुळेच झाली का? आणि जंतू मेला की शुगरच्या गोळ्या बंद केल्या तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकतो, कारण त्यात धोका आहे. नाही, चालणार नाही. जंतूचा कोर्स पुरा झाला म्हणून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचे नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

साखर कारखान्याच्या अंकात साखरेच्या आजारावर लिहिलेले पाहून कोणी हसेल. हसू दे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने देशभर झालेल्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. वार्षिक सभेच्या मांडवात बसलेल्यांपैकी किती जणांच्या खिशात गोळ्यांची पाकिटे असतात ते आपण जाणतोच. साखर आम्ही काढतो म्हणून तिच्या आजाराबद्दल गप्प बसावे, हे आम्हाला पटत नाही.

आता या जंतूची ओळख करून घेऊ. त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. मळसूत्रासारखा पीळ पडलेला, डोळ्यांना न दिसणारा हा जीव माणसाच्या जठरात, म्हणजे अन्न प्रथम जाऊन पडते त्या पिशवीत राहतो. जठरात इतके तीव्र आम्ल असते की बहुतेक जंतू तिथे टिकत नाहीत. मग हा कसा टिकतो? याचे उत्तर शेतकऱ्याला जितके चटकन कळेल तितके शहरातल्या शिकलेल्या माणसालाही कळणार नाही.

आपण उसाला युरिया टाकतो. ओल्या जमिनीवर तो उघडा पडून राहिला की थोड्या वेळाने नाकाला झोंबणारा वास येतो. जमिनीतले जीवजंतू युरिएज नावाच्या विकराने युरियाचे तुकडे करतात, त्यातून अमोनिया उडून जातो आणि आपले पैसेही. म्हणून तर शेतकी खात्याची माणसे युरिया मातीआड करा म्हणून कानीकपाळी ओरडत असतात. जठरातला हा जंतू नेमके तेच काम करतो. आपल्या शरीरात युरिया तयार होतच असतो, थोडासा जठरातही उतरतो. हा जंतू त्याच युरिएज विकराने तो फोडतो, अमोनिया तयार करतो आणि आपल्याभोवतीचे आम्ल मारून टाकतो. कारखान्यात आंबट रसाला चुना देऊन त्याची आम्लता मारतात, तसाच हा प्रकार. अशी आपल्यापुरती जागा करून तो जठराच्या आतल्या चिकट अस्तरात शिरतो आणि एकदा शिरला की औषध घेतल्याशिवाय सहसा जात नाही. जन्मभर मुक्काम करतो.

तो येतो कधी? बहुतेक वेळा लहानपणीच. घरातल्या घरात एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात, उलटीतून, शौचाच्या घाणीतून, दूषित पाण्यातून. आई-आजीने घास चावून बाळाला भरवणे हीदेखील एक वाट मानली जाते. जिथे एका खोलीत पुष्कळ माणसे, पाणी अपुरे आणि शौचालय लांब, तिथे तो जास्त. जगातल्या सुमारे निम्म्या लोकांच्या जठरात तो असल्याचा अंदाज अनेक वर्षे सांगितला जातो आणि आपल्या देशात तर प्रमाण त्याहून जास्तच धरतात. यातल्या बहुतेकांना जन्मभर काही त्रास होत नाही, हेही लगेच सांगितले पाहिजे. जंतू आहे म्हणजे आजार आहेच असे नव्हे. पण काहींना त्यापासून जठराची सूज येते, काहींना अल्सर होतो, आणि थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली या जंतूला कर्करोगाच्या ठाम कारणांच्या यादीत घातले.

पूर्वी अल्सर झाला की दोष तिखटाला, चहाला आणि काळजीला दिला जाई. वर्षानुवर्षे दूध पिऊन, बेचव खाऊन लोकांनी दिवस काढले, कित्येकांनी पोट कापून घेतले. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी १९८२ साली हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. तो आधी वाढतच नव्हता. दोन दिवसांत काही उगवले नाही की बशा फेकून देत. ईस्टरच्या सुट्टीत त्या बशा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवून आला! तरीही जाणकार मानेनात. तेव्हा १९८४ साली मार्शल साहेबांनी जंतूंचा घोट स्वतःच घेतला. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत जठराला सूज आलेली दिसली. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. असा प्रयोग कोणी करावा असे आम्ही म्हणणार नाही, पण माणूस हट्टी होता म्हणून लाखो लोकांची ऑपरेशने वाचली हे खरे.

आता मधुमेहाशी याचा संबंध. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅक्रामेंटोच्या परिसरात, साठीपुढच्या ७८२ लोकांवर सुमारे दहा वर्षे लक्ष ठेवले गेले. सुरुवातीला यांपैकी कोणालाही मधुमेह नव्हता. ज्यांच्या रक्तात या जंतूची खूण होती त्यांच्यात पुढे मधुमेह होण्याचा वेग, खूण नसलेल्यांच्या मानाने सुमारे २.७ पट निघाला. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्याच लोकांत इतर काही जुनाट संसर्गांच्या खुणाही तपासल्या होत्या, पण त्यांचा मधुमेहाशी असा संबंध दिसला नाही. मात्र माणसे थोडी होती, त्यामुळे २.७ हा आकडा ढोबळच समजावा.

आपल्या देशात अलाहाबादच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजच्या डॉक्टरांनी २०१४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ८० मधुमेही आणि ६० बिगरमधुमेही लोक तपासले. मधुमेहींत ७७.५ टक्के लोकांत जंतू सापडला, इतरांत ५८.३ टक्के लोकांत. शिवाय ज्या मधुमेहींच्या पोटात जंतू होता त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, जिला एचबीए१सी म्हणतात, ती जंतू नसलेल्यांपेक्षा वाढलेली होती.

वाचून वाटेल, झाले सिद्ध! पण जरा थांबा. पाणथळ रानात ऊस पिवळा पडतो आणि त्याच रानात लव्हाळाही माजतो. म्हणून लव्हाळ्याने ऊस पिवळा केला असे आपण म्हणत नाही. दोन्हींच्या मुळाशी साचलेले पाणी असते. तसे इथेही असू शकते. वय, गरिबी, घरातली दाटी या गोष्टी जंतूशीही निगडित आहेत आणि तब्येतीच्या इतर तक्रारींशीही. दुसरे असे की, गाडी उलट्या दिशेनेही चालू शकते. रक्तातली साखर चढलेली असली की शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते, जुन्या मधुमेहात जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, आणि मग असला पाहुणा मुक्काम ठोकतो. मधुमेही माणसात या जंतूचा कोर्स फसण्याचे प्रमाण जास्त असते, असेही आढळले आहे. अमेरिकेच्याच राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या आकड्यांवरून २०१२ साली आणखी एक अभ्यास निघाला. त्यात जंतू असलेल्यांची, आणि त्यातही वजनदार माणसांची, सरासरी साखर थोडी चढी होती. पण 'मला मधुमेह आहे' असे सांगणाऱ्यांच्या संख्येत फरक दिसला नाही.

जंतू साखर चढवत असेल तर कशी चढवत असेल, याबद्दल शास्त्रज्ञांचे म्हणणे असे. जठरात वर्षानुवर्षे धुमसत राहिलेल्या सुजेतून काही रसायने रक्तात उतरत राहतात. त्यांच्यामुळे स्नायू आणि यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होतात. मग स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावे लागते, आणि ते दमले की साखर वर. विहिरीला पाणी तेच, पण पाइपात गाळ साचला की मोटरीवर ताण येतो आणि एक दिवस ती जळते. भूक लागणे व पोट भरणे यांचे निरोप देणारी काही द्रव्येही जठराशी जोडलेली आहेत, त्यांतही या जंतूने बिघाड होतो. हे सगळे शक्य आहे, पटण्यासारखे आहे. पण खरी कसोटी ही की जंतू मारला तर साखर उतरते का? असे प्रयोग झाले आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. काहींत सरासरी साखर थोडी उतरली, काहींत काहीच फरक पडला नाही. तेव्हा 'जंतू काढा, शुगर घालवा' असे कोणी सांगत आले, आणि असे सांगणारे येणारच, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

मग मधुमेही सभासदाने या जंतूची फिकीर का करायची? आमच्या मते तीन कारणांसाठी, आणि ती तिन्ही शुगरच्या आकड्यापेक्षा जवळची आहेत.

मधुमेहाबरोबर रक्तदाब किंवा हृदयाचे दुखणे असले की पुष्कळांना रक्त पातळ ठेवण्यासाठी अॅस्पिरिन चालू असते. त्यावर कंबर किंवा गुडघे धरले की दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेतली जाते. पोटात हा जंतू असताना या गोळ्या घेतल्या तर अल्सर होऊन आत रक्तस्राव होण्याचा धोका चांगलाच वाढतो. काम करणारा माणूस आधी काही सांगत नाही. डांबरासारखी काळी शौच होऊ लागते, चक्कर येते, मग धावपळ.

दुसरे कारण बी-१२ या जीवनसत्त्वाचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम पुष्कळांनी ऐकले असेल. हिंदी माणूस दिसायला काटक, पण अंगात चरबी जास्त, म्हणून बारीक असूनही मधुमेहाच्या तावडीत सापडतो, हे त्यांनी दाखवले. २००४ साली एका ब्रिटिश नियतकालिकात त्यांनी आपला आणि इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. उंची-वजनाचा हिशेब दोघांचा अगदी सारखा, पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! याच याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला आणि त्यांत बहुसंख्य बायांना बी-१२ कमी असल्याचे आढळले. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासे यांतून मिळते. माळकरी घरात ते मुळातच बेताचे. मधुमेहात सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी, चांगली असली तरी, लांबच्या मुदतीत बी-१२ कमी करते. आणि जठराला जुनाट सूज असली की खाल्लेले बी-१२ अंगी लागत नाही. तिन्ही गोष्टी एकाच माणसात जमल्या तर तळपायाला मुंग्या, बधिरपणा, थकवा सुरू होतो आणि सगळे खापर शुगरवर फुटते. साखर तपासता तेव्हा वर्षा-दोन वर्षांतून एकदा बी-१२ तपासावे का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. कमी असेल तर गोळ्या-इंजेक्शनाने ते भरून काढता येते.

तिसरे कारण त्या खिशातल्या कॅप्सुलचे. जळजळ झाली की मेडिकलमधून पित्ताची कॅप्सुल आणायची आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची, असे दोन-दोन वर्षे चाललेले आम्ही पाहतो. ट्रकवरची मंडळी तर रात्रीचा दिवस करून कळंबोलीला पोहोचतात, अवेळी खातात आणि गोळी मारून पुन्हा गाडी काढतात. कॅप्सुलने आम्ल दबते, माणसाला बरे वाटते, पण जंतू जिथल्या तिथे. शिवाय मेटफॉर्मिननेही कोणाकोणाला मळमळ आणि जुलाब होतात. तेव्हा पोटाचा त्रास गोळीचा, जंतूचा की जुन्या मधुमेहाचा, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

तपासणी सोपी आहे. शौचाचा नमुना देऊन होते. श्वासाची तपासणी असते, ती त्या युरियाच्याच करामतीवर चालते. खूण केलेला युरिया पाण्यातून पाजतात, पोटात जंतू असला तर तो युरिया फोडतो आणि खूण श्वासातून बाहेर येते. नळकांड्यात फुंकायचे, झाले. वय जास्त असेल, वजन आपोआप घटत असेल, घास अडकत असेल, शौच काळी होत असेल किंवा उलटीत रक्त असेल तर मात्र वेळ न दवडता दुर्बिणीचीच तपासणी करावी लागते. तिला लोक उगाच भितात. तपासणीला जाण्याआधी एक लक्षात ठेवावे. पित्ताची कॅप्सुल साधारण दोन आठवडे आणि जंतुनाशक औषधे चार आठवडे बंद असावी लागतात, नाहीतर पोटात जंतू असून तपासणी 'नाही' म्हणते. अॅस्पिरिन किंवा शुगरची गोळी मात्र यासाठी बंद करायची नाही. काय थांबवायचे ते डॉक्टरच सांगतील. रक्ताची तपासणीही असते, पण तिच्यात जंतू जाऊनही खूण दिसत राहते, म्हणून आज जंतू आहे की नाही ते तिच्यावरून नक्की ठरत नाही.

जंतू निघाला आणि डॉक्टरांनी उपचार करायचे ठरवले तर कोर्स बहुधा चौदा दिवसांचा असतो. तीन-चार औषधे एकत्र, दिवसातून दोन ते चार वेळा. तोंड कडू पडते, पोट बिघडते, आणि पाचव्या दिवशी बरे वाटले की माणूस सोडून देतो. अर्धवट तणनाशक मारल्यावर जे रानाचे होते तेच इथे होते. उरलेला जंतू औषधाला दाद देईनासा होतो. आपल्याकडे मेट्रोनिडाझोल हे औषध आव-जुलाबासाठी इतके उठल्यासुटल्या घेतले गेले आहे की या जंतूवर ते पुष्कळदा चालतच नाही. त्या औषधावर असताना दारू तर अजिबात घ्यायची नाही, भयंकर उलट्या होतात. मधुमेहींसाठी खास सूचना अशी की कोर्समधले क्लॅरिथ्रोमायसिन हे औषध शुगरच्या काही गोळ्यांबरोबर घेतले तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, घेरी येऊ शकते. म्हणून पोटाच्या डॉक्टरांना शुगरच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे नेऊन दाखवावीत. नावे तोंडपाठ सांगण्याच्या भरीस पडू नये. कोर्स संपल्यावर कमीत कमी चार आठवड्यांनी पुन्हा श्वास किंवा शौच तपासून जंतू गेल्याची खात्री करावी लागते, ती बहुतेक जण करत नाहीत.

एक गोष्ट उरली, आणि ती आपल्या घराबाहेरची आहे. हा जंतू लहानपणी, दाटीत आणि घाणीत पसरतो असे वर लिहिले. गळीत हंगामात बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून कोयते येतात. नवरा-बायको पहाटे फडावर जातात आणि पोरे कोपीत किंवा बांधावर राहतात. पाचसहा महिने त्यांना पाणी कुठले? कित्येक ठिकाणी पाटाचे, उघड्या टाकीचे किंवा ज्याच्या फडात तोड चालू आहे त्याच्या विहिरीचे. शौचाला ऊसच. ती पोरे आज जे पाणी पितात त्याचा हिशेब त्यांच्या पोटात तीस-चाळीस वर्षांनी निघू शकतो. कावीळ, जुलाब आणि विषमज्वराचा हिशेब तर त्याच आठवड्यात निघतो, आणि तो आपल्याच गावात पसरतो. "टोळी चार महिन्यांची पाहुणी, तिच्यासाठी कोण खर्च करणार," असे बोलणारे सभासद आहेत. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. कारखाना कोपीतळावर टाकी ठेवील, पण फडावरचे पाणी सभासदाच्या हातात आहे. तोड आपल्या फडात येण्याच्या आदल्या दिवशी विहिरीत क्लोरिनची पावडर टाकावी, पिण्याच्या पाण्याला झाकणाचे पिंप आणि लांब दांड्याचे ओगराळे द्यावे, आणि हात धुवायला साबणाची वडी ठेवावी. पावडर किती टाकायची ते पाण्याच्या अंदाजाने ठरते. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रातील आरोग्यसेवकाला विचारावे.